आधी रंग ओळखा, मग डबा उघडा

टँकच्या जुन्या प्लॅस्टिक मॉडेलवरचा रंग कसा उतरवायचा ते सांगायचंय, पण पहिले एक साधं गणित सांगतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. १/३५ स्केल म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या टँकवर ३५ मिलिमीटर. आता घराच्या ग्रिलला लावतो तो ऑइल पेंट, पातळ न करता, ब्रशने दोन-तीन हात मारला की थर ०.१ मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे खऱ्या टँकच्या पत्र्यावर तुम्ही साडेतीन मिलिमीटरचा लेप दिला, आणि मॉडेल १/७२ चं असेल तर सात मिलिमीटरच्या वर. एवढ्या लेपाखाली राहणार काय? वेल्डिंगची रेघ जाते, बोल्टची डोकी नुसते फुगवटे होतात, इंजिन डेकवरच्या जाळ्या बुजतात, हॅचभोवतीची (टँकच्या झाकणाभोवतीची) ती बारीक फट, जिच्यामुळे हॅच हॅच वाटतो, ती भरून जाते. आणि मग आपण म्हणतो की जुनं किट आहे, मोल्डिंगच बोथट आहे. मोल्डिंग बऱ्याचदा छान असतं हो, ते रंगाखाली गाडलेलं असतं एवढंच.

म्हणून कोणी "वरूनच मारू की नवीन रंग, काढत कशाला बसायचं" असं म्हणालं की मी हेच गणित सांगतो. आणि दुसरं म्हणजे पैसे. नाशिकमध्ये दुकानात गेलो आणि १/३५ चा टँक उचलून आणला असं होत नाही, मुंबईला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, बाहेरून मागवलं तर शिपिंग आणि कस्टम धरून किटची किंमत कुठल्या कुठे जाते. अशा वेळी कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला, कोणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जोडलेला टँक हा माझ्या दृष्टीने चांगला माल आहे, फक्त त्याच्यावरचा रंग नीट उतरवता आला पाहिजे.

हे आत्ता लिहायला बसलो कारण जुन्या नाशकातला एक वाडा रिडेव्हलपमेंटला गेला आणि तिथल्या काकूंनी माळ्यावरचं एक खोकं मला दिलं. त्यात १/३५ चा एक सेंच्युरियन, एक शर्मन, एक टायगर, एक टी-३४, एक पॅटन आणि तळाला एअरफिक्सचे १/७६ चे बारके टँक. सगळ्यांवर घरात जो रंग उरला असेल तो मारलेला, टायगर तर पूर्ण काळा कुळकुळीत. खोकं देताना काकू म्हणाल्या, "सगळं घेऊन जा बाबा, पण तो हिरवा पॅटन तेवढा मला परत आणून दे, आहे तसाच. तो ह्यांनी रंगवलाय." तो पॅटन मी मऊ ब्रशने धूळ झटकून, निघालेलं एक चाक चिकटवून, तसाच्या तसा परत दिला. माझं याबाबतीत मत पक्कं आहे, रंग उतरवायच्या आधी तो कोणी मारलाय हे विचारायचं. एकदा उतरवला की परत येत नाही, आणि काही टँक असेच राहायला हवेत, जाळ्या बुजलेल्या असल्या तरी. बाकीच्यांचे मात्र चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले, डिकल (चिकटवलेली चिन्हं-आकडे) कुठे कुठला होता, नंबर काय होता हे सगळं, कारण डब्यात गेल्यावर डिकल वाचत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात "सगळ्यात चांगलं स्ट्रिपर कुठलं?" आणि मला वाटतं प्रश्नच उलटा आहे, आधी विचारा की अंगावर रंग कुठला आहे. कारण मॉडेलचं प्लॅस्टिक हे पॉलिस्टायरीन असतं, आणि पॉलिस्टायरीन अ‍ॅसिटोनमध्ये, एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज थिनरमध्ये विरघळतं, पेट्रोलनेही त्याला चिरा जाऊ शकतात. म्हणजे रंग काढणारी सगळ्यात जोरदार द्रव्यं ही नेमकी टँकही खाणारी आहेत. तेव्हा आपल्याला असं काहीतरी शोधायचं असतं जे रंगाला लागेल आणि प्लॅस्टिकला लागणार नाही, आणि ते प्रत्येक रंगाला वेगळं आहे.

ओळखायचं कसं तर एक इअरबड घ्या, आयपीएत म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि टँकच्या पोटाखाली, जिथे कोणी बघत नाही तिथे, मिनिटभर हलक्या हाताने फिरवा. रंग बडवर आला, चिकट झाला, तर तो अ‍ॅक्रिलिक आहे. तामिया या जपानी कंपनीच्या छोट्या बाटल्यांमधले रंग तर अल्कोहोललाच विरघळणारे अ‍ॅक्रिलिक, ते लगेच येतात, वायेहोसारखे पाण्याचे रंग जरा वेळ घेतात, फुगतात आणि मग सालपटासारखे निघतात. काहीच झालं नाही, नुसती चमक थोडी गेली, तर बहुतेक ऑइल पेंट म्हणजे इनॅमल, मग तो हम्ब्रॉलच्या बारक्या डबीतला असो की ग्रिलचा. आणि रंगाचा थर एकदम पातळ, कडक, प्लॅस्टिकमध्ये रुतून बसल्यासारखा वाटत असेल, नखाने खरवडलं तर पापुद्रा न निघता भुकटी निघत असेल तर लॅकर, गॅरेजवाले ड्यूको म्हणतात ते. त्याचं पुढे सांगतो, तो वेगळाच विषय आहे.

आयपीएबद्दल. ९९ टक्क्यांचं घ्या. मेडिकलमध्ये मिळतं ते ७० टक्क्यांचं, तेही चालतं पण त्यात पाणी आहे, वेळ जास्त लागतो. मी एमजी रोडला मोबाइल रिपेअरवाल्यांच्या लाइनीत विचारलं होतं, ते बोर्ड साफ करायला हेच वापरतात, तिथल्या एका भाऊंनी कुठून घ्यायचं ते सांगितलं आणि वर "प्लॅस्टिकला काही होत नाही दादा, बिनधास्त टाका" असंही सांगितलं. टँकच्या बॉडीला होत नाही हे खरं, पण पारदर्शक पार्टला होतं, हेडलाइटची काच, पेरिस्कोप यांना बारीक बारीक तडे जाऊन ते धुरकट होतात, तेव्हा ते आधी काढून घ्यायचे. करोनात घेतलेलं सॅनिटायझर घरात पडलं असेल तर तेही उपयोगी आहे, विशेषतः जेल, कारण टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) उभ्या बाजूवर ते टिकून राहतं, खाली ओघळत नाही. अ‍ॅक्रिलिकला तेवढं पुरतं.

पण एक गोष्ट नीट ऐका. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ डिग्रीच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या नाशिकच्या जानेवारीतल्या दुपारीसुद्धा त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, एप्रिल-मेचं तर सोडाच. स्वयंपाकघरात हे काम करू नका, शेजारच्या खोलीत देवापुढे दिवा किंवा उदबत्ती लागलेली असेल तर नको, गच्चीवर किंवा बाल्कनीत करा आणि डब्याला घट्ट झाकण लावा. थंडीत काम हळू होतं म्हणून कोणी डबा गरम पाण्यात ठेवतात, तेही नको. निफाडकडे पारा खाली गेला की आमच्याकडेही रात्री सगळंच मंदावतं, मग एक रात्र जास्त ठेवायचं, एवढंच. आणि सराफ बाजारात दागिने साफ करायला असतं तसं अल्ट्रासॉनिक मशीन आता बरेच लोक मॉडेलसाठी घेतायत, छान चालतं, पण त्यात पाणी आणि साबणच घाला, आयपीए नाही, मशीन आतून गरम होतं आणि ठिणगीचा धोका असतो. शिवाय फेविक्विकने लावलेले बारके पार्ट त्या थरथरीने सुटतात.

डेटॉल. हे ऐकून घरचे हसतात पण जगभरचे मॉडेलवाले डेटॉल वापरतात, तेच आपलं तपकिरी बाटलीतलं, आणि त्यामागे कारण आहे. बाटलीवर वाचा, ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल, ९ टक्के टर्पिनिऑल आणि वर अल्कोहोल. टर्पिनिऑल हा पाइनच्या तेलातला घटक, तो रंगात शिरून त्याला मऊ करतो आणि पॉलिस्टायरीनला धक्का लावत नाही. अ‍ॅक्रिलिकला तर जबरदस्त, पातळ इनॅमललाही चालतं. पाणी न घालता, तसंच, डब्यात टँक बुडेपर्यंत ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी मोठ्याने सांगतो, डेटॉलमधून काढलेला टँक थेट नळाखाली धरायचा नाही. पाणी लागलं की डेटॉल पांढरं होतं हे आपण आंघोळीच्या बादलीत बघतोच, तसं झालं की सुटलेला रंग परत एकत्र येऊन डांबरासारखा चिकट गोळा होतो, तो जाळ्यांमध्ये जाऊन बसतो आणि मग निघता निघत नाही. म्हणून पहिलं घासणं डेटॉलमध्येच करायचं, टूथब्रश डेटॉलमध्ये बुडवून, सगळा रंग निघाला की दुसऱ्या स्वच्छ डेटॉलमध्ये एकदा विसळायचं, मग भांड्याचं लिक्विड थेट ब्रशवर घेऊन घासायचं, आणि त्यानंतर पाणी. हा क्रम पाळला की काम एकदम सोपं आहे. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, पातळ न केलेलं डेटॉल कातडी कोरडी करून सोडतं, आणि वासाची घरात आधी कल्पना देऊन ठेवा.

आता ऑइल पेंट, कारण आपल्याकडच्या जुन्या टँकवर नव्वद टक्के वेळा हाच सापडतो. लोक म्हणतात ऑइल पेंट टर्पेंटाइनने जातो. ताजा जातो. जुना नाही जात. ऑइल पेंट दोन टप्प्यांत वाळतो, आधी टर्पेंटाइन उडून जातं आणि मग उरलेलं तेल-रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत एकमेकांना जोडलं जातं, आणि हे जोडणं महिनोन्महिने चालू राहतं. एकदा असं जाळं झालं की टर्पेंटाइन त्याला विरघळवू शकत नाही. ते जाळं तोडायला लागतं, आणि ते तोडतो कॉस्टिक सोडा. साबण बनवताना तेलावर कॉस्टिकची जी क्रिया होते तीच इथे रंगातल्या तेलावर होते, रंगाचं चक्क साबणासारखं काहीतरी होतं आणि तो प्लॅस्टिकवरची पकड सोडतो. पॉलिस्टायरीनमध्ये तोडण्यासारखं असं काही नाही, त्यामुळे टँक अगदी सुरक्षित राहतो. म्हणूनच मला जुन्या इनॅमलसाठी कॉस्टिक सगळ्यात जास्त आवडतो, आणि तो धोकादायक आहे हे माहीत असूनही आवडतो.

प्रमाण लिटरला ५० ग्रॅम, त्याच्या वर जायची गरज नाही. पाणी आधी डब्यात घ्यायचं, गार पाणी, आणि त्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, काडीने हलवत. उलटं कधीच करायचं नाही, सोड्यावर पाणी ओतलं तर इतकी उष्णता होते की ते उसळून अंगावर येतं. डोळ्यांना बंद गॉगल हवाच, चष्मा म्हणजे गॉगल नाही. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याखाली धरा, डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा. घरात लहान मूल असेल तर डबा उंचावर, कुलपात. हे सगळं जमणार नसेल तर कॉस्टिक वापरू नका, डेटॉलमध्ये चार दिवस जास्त ठेवा, टँक कुठे पळून जात नाही.

आणि अ‍ॅल्युमिनियम! आजकाल टर्न केलेली अ‍ॅल्युमिनियमची बॅरल (तोफेची नळी) बसवतात, ती कॉस्टिकमध्ये टाकली की फसफसून हायड्रोजन निघतो आणि बॅरल विरघळायला लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यातही कॉस्टिक करू नका त्याच कारणासाठी. पितळेचे फोटो-एच पार्ट, म्हणजे पातळ पत्र्यातून कोरलेले बारके तुकडे, चालतात. डाय-कास्ट मॉडेल, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यालाही कॉस्टिक लागतो, तिथे बेत वेगळा करावा लागतो.

टायगरवरचा काळा मी असाच कॉस्टिकने उतरवला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला होता, चिमट्याने धरला की मोठमोठे तुकडे निघत होते, आणि खाली झिमेरिट! झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मनांनी टँकवर फासलेली ती लाटालाटांची पेस्ट, १९४४ च्या सप्टेंबरमध्ये ती बंद केली. ह्या मॉडेलवर कोणीतरी पुट्टीत पेचकसाच्या टोकाने एकेक रेघ ओढून ती केली होती, काय संयम असेल बघा, आणि वरून त्या काळ्या ऑइल पेंटच्या हाताने सगळी मेहनत झाकून गेली होती. ती परत उजेडात आली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. पण इथेच एक सावधगिरी, पुट्टी कुठली आहे ते माहीत नसतं. एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी असेल तर ती तग धरते, एनसी पुट्टी असेल तर आयपीएत मऊ पडते, म्हणून पुट्टी दिसली की एका कोपऱ्यात आधी ट्राय करायचं आणि दर दोन-तीन तासांनी बघायचं.

ब्रेक ऑइल. हे सगळ्यांना माहीत असतं कारण गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल गाडीच्या टाकीवर सांडलं की मेकॅनिक पळत जाऊन पुसतो. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल ईथरवर आधारित असतात, ती रंग फुगवतात. डॉट ५ सिलिकॉनचं, त्याचा उपयोग नाही. काम करतं, नाही असं नाही, पण मला ते आवडत नाही. विषारी आहे, कातडीतून शोषलं जातं, हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणजे पावसाळ्यात उघडा डबा ठेवलात तर जोर कमी होतो, आणि काही प्लॅस्टिक त्यात जास्त दिवस राहिलं की ठिसूळ होतं, फेंडर (ट्रॅकवरचा पातळ पत्रा) हातात घेतला की तुटतो. डेटॉल आणि कॉस्टिक असताना ब्रेक ऑइलकडे जायचं कारण मला तरी दिसत नाही.

आता लॅकर, म्हणजे खोक्यातला टी-३४. कोणीतरी गाडीच्या टचअपचा स्प्रे मारलेला. लॅकरचं दुखणं असं की त्याला विरघळवणारा थिनरच पॉलिस्टायरीनला विरघळवतो, आणि मारतानाच तो प्लॅस्टिकच्या वरच्या थरात चावा घेऊन बसलेला असतो. ९९ टक्के आयपीएत दोन-तीन दिवस ठेवून जितका निघेल तितका घ्यायचा, बांबूच्या टूथपिकने कोपरे खरवडायचे, आणि बाकीच्याचा नाद सोडायचा. हे मी मनापासून सांगतो, आपल्याला प्लॅस्टिक कारखान्यातून आल्यासारखं पांढरं करायचं नाहीये. डाग राहिला तर राहू दे, डागाला जाडी नसते. बोटाने हात फिरवा, नखाला कड लागते का बघा, कड लागत नसेल तर प्रायमरखाली ते सगळं एकसारखं होणार आहे. सपाट पत्र्यांवर जिथे लॅकरने प्लॅस्टिक खडबडीत केलंय तिथे १००० आणि मग १५०० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा. टरेटवर मात्र फिरवायचा नाही, कारण टी-३४ चा टरेट बहुधा ओतीव असायचा, युद्धाच्या घाईत ओतलेला, खरखरीत, आणि मॉडेलवाले मुद्दाम टरेटला मॉडेलचं सिमेंट (प्लॅस्टिक वितळवून जोडणारा गोंद) लावून ब्रशने टोचून तसा पोत आणतात. लॅकरने तो आयता दिलाय, राहू द्या.

कुठला पत्रा गुळगुळीत असायला हवा आणि कुठला खरखरीत हे कळायला खरा टँक बघावा लागतो. आपल्या नाशिकला तोफा पुष्कळ, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, टँकसाठी मात्र नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जायचं. सिन्नर-शिर्डी-राहुरी करत गेलं की कॅव्हलरी टँक म्युझियम, १९९४ पासून आहे, आणि तिथे सेंच्युरियन, शर्मन, पॅटन, विजयंता, चर्चिल, व्हॅलेंटाइन असे सगळे एका आवारात उभे आहेत. मी तिथे शर्मनच्या टरेटपेक्षा जास्त वेळ सेंच्युरियनच्या हलच्या (टरेटखालच्या बॉडीच्या) वेल्डिंगजवळ उभा राहतो. मजा म्हणजे उन्हापावसात उभ्या असलेल्या त्या खऱ्या टँकवरही रंगाचे हात किती चढलेत ते कडांजवळ दिसतं, पण तिथे तो पंचवीस मिलिमीटरचा बोल्ट आहे, त्याला फरक पडत नाही. आपल्या मॉडेलवर तोच बोल्ट पाऊण मिलिमीटरच्या आत आहे.

डब्यात टाकायच्या आधीच्या तयारीचं पटकन सांगतो. टरेट, चाकं, ट्रॅक जे जे सुटतं ते सोडवून घ्या. फेविक्विकने चिकटवलेलं असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, तो जोड थंडीत ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने सुटतो. मॉडेलच्या सिमेंटने जोडलेलं असेल तर तिथे प्लॅस्टिकच एकमेकांत वितळून वेल्ड झालंय, त्याच्या मागे लागू नका. जुन्या किटचे ट्रॅक व्हिनाइलचे असतात, त्यातला प्लॅस्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारा घटक) वर्षानुवर्षांत पॉलिस्टायरीनच्या चाकांना खातो, चाकांवर वितळल्यासारख्या खाचा दिसतात त्या त्याच्याच, म्हणून ट्रॅक वेगळ्या पिशवीत. एअरफिक्सच्या बारक्या टँकचे ट्रॅक तर पॉलिथिनसारखे, त्यांना रंग मुळात धरतच नाही, कोमट साबणाच्या पाण्यात वाकवले की आपोआप झडतो. डबा आइस्क्रीमचा किंवा श्रीखंडाचा घ्या, खाली त्रिकोणात ५ लिहिलेलं बघून, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ६ असेल तर तो पॉलिस्टायरीनच आहे, तुमच्या टँकचाच भाऊ.

आणि हल तरंगतो. आत हवा अडकते, टँक पोहायला लागतो आणि वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. तामियाच्या जुन्या टँकला खाली मोटर आणि स्विचसाठी भोकं असतात (१/३५ हे स्केलच मुळी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या मोटरवाल्या पँथरमध्ये बॅटरी बसवायच्या हिशोबातून आलं), ती असली तर उत्तम, हवा निघते आणि नंतर आतलं पाणीही निघतं. नसली तर पोटाला दीड-दोन मिलिमीटरची दोन भोकं पाडा, एक पुढे एक मागे. वर काचेची बरणी ठेवून दाबून ठेवा.

घासायला मऊ टूथब्रश, त्याचे केस कात्रीने अर्धे कापलेला दुसरा एक जाळ्यांसाठी, आणि दातांच्या फटीत घालायचा तो बारका ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो सेंच्युरियनच्या बाजूच्या पत्र्यांमागे जिथे काहीच जात नाही तिथे जातो. सुई, कटरचं पातं वापरू नका, मऊ पडलेल्या रंगाखाली प्लॅस्टिकवर ओरखडा कधी गेला ते कळतसुद्धा नाही. एका बैठकीत सगळं काढायचा हट्टही नको. भिजवा, घासा, जे राहिलं त्यासाठी परत भिजवा. शेवटी भांड्याच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवायचं, गरम नाही, आणि सावलीत वाळवायचं. एप्रिलमध्ये गच्चीवर उन्हात ठेवलेला फेंडर वाकडा झाला की सरळ करणं फार कठीण. कॉस्टिक वापरला असेल तर धुतल्यावर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून एकदा विसळा आणि परत साध्या पाण्याने.

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे हलच्या आतलं पाणीही गेल्यावर, राखाडी प्रायमरचा एक पातळ हात एअरब्रशने. हा हात रंगासाठी कमी आणि तपासणीसाठी जास्त, राहिलेल्या जुन्या रंगाच्या सगळ्या कडा राखाडीत लगेच दिसतात. पावसाळ्यात हवा दमट असेल त्या दिवशी लॅकर प्रायमर नको, पांढरट पडतो. टायगर आता डुंकेलगेल्ब म्हणजे त्या पिवळट मातकट रंगात जाणार, फेब्रुवारी १९४३ पासून जर्मनांनी गडद राखाडी सोडून तोच बेस धरला आणि झिमेरिट असलेला टँक त्याच्या नंतरचाच. सेंच्युरियन आपल्या ऑलिव्ह ग्रीनमध्ये, १९७१ च्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटने नेले तसा. शर्मन डेटॉलमध्ये आहे अजून.

राहिला गाळ. डेटॉल आणि आयपीए फेकू नका, बरणीत दोन दिवस ठेवलं की रंग खाली बसतो, वरचं जुन्या सुती कापडातून गाळून परत वापरता येतं. खाली बसलेला रंग मोरीत ओतायचा नाही. आमच्या भागातलं सांडपाणी नासर्डीला गेलं की पुढे गोदावरीतच जातं, आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता असते, त्याच कारणाने जुना रंग कोरडा घासायचा नाही, भुकटी नाकात जाते. गाळ वर्तमानपत्रावर ओतून गच्चीवर वाळवायचा, पुडी करून पिशवीत बांधायचा आणि घंटागाडीत देताना रंगाचा कचरा आहे असं सांगून वेगळा द्यायचा, २०१६ च्या नियमांत रंगाचे डबे वगैरे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. वापरलेलं कॉस्टिकचं पाणी आधी गाळायचं, त्यात व्हिनेगर थोडं थोडं घालत लाल लिटमस कागद निळा होईनासा झाला की भरपूर पाण्याबरोबर सोडायचं. लिटमस कागद शाळेच्या प्रयोगाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, स्वस्त असतात.